विचारलें एक, सांगितलें भलतेंच

रोहिणी नक्षत्र संपत आलें कीं गांवोगांवीं प्रश्नोत्तरांचा एक मोसमच सुरू होतो. कोणतें बीं घ्यावें, अमक्या खताचा गुण कसा आहे, तमकें औषध तुरीवर चालतें काय, नवा पंप पाणी किती ओढतो, ठिबकच्या नळ्या किती वर्षें टिकतात, असे प्रश्न पारावर, आठवड्याच्या बाजारांत, सोसायटीच्या ओट्यावर, फार काय लग्नाच्या मांडवांतहि ऐकूं येतात. विचारणारा गंभीर असतो, कारण त्याला दोन दिवसांत पैसे मोजावयाचे असतात. उत्तर देणाराचें मात्र त्यांत कांहींच जात नसतें. या दोहोंमधील हें अंतर हाच आजच्या लेखाचा विषय आहे.

पूर्वीं अशा प्रश्नांची फारशी गरज पडत नसे. बीं घरच्या कणगींतलें असे. नांगर गांवच्या सुतारानें केलेला, मोट गांवच्या चांभारानें शिवलेली, दोर गांवांतच वळलेला. औत बिघडलें तर तें करणारा हाकेच्या अंतरावर असे, आणि त्याचें बलुतें खळ्यावर आपल्याच हातून जावयाचें असल्यामुळें त्याला जाब देणें भाग असे. आतां माल शेंकडों कोसांवरून मोहोरबंद होऊन येतो. ज्यानें तो केला त्याचें तोंड आपण पाहत नाहीं. जो विकतो त्याला तो खपवावयाचा असतो. आणि पिशवीवर छापलेला मजकूर वाचण्याची संवय आपणांस अजून जडलेली नाहीं. मग एकच आधार उरतो, तो म्हणजे ज्यानें माल आधीं वापरला त्याचा अनुभव. हा आधार अमोल आहे असें आम्ही मानतों. म्हणूनच तो किती निष्काळजीपणें दिला जातो हें पाहून वाईट वाटतें.

आमचें आयुष्य महसुली खात्यांत कारकुनींत गेलें. तेथें पंचनामा लिहितांना पहिला दंडक असा कीं, पंचानें स्वतः पाहिलेलें काय व त्याच्या कानांवर आलेलें काय, हें वेगळें लिहावयाचें. ‘पीक बुडालें’ एवढें लिहून भागत नाहीं. कोणत्या गटांत, किती क्षेत्रावर, कशानें, व हें कोणीं पाहिलें, इतकें आल्यावांचून कागद पुढें सरकत नाहीं. या दंडकाबद्दल लोक आम्हां कारकुनांस हंसतात, आणि कधीं कधीं त्यांचें हंसणें वाजवीहि असतें. पण पारावरील उत्तरांना हाच दंडक लावला तर बहुतेक उत्तरें शेरा मारून परत पाठवावीं लागतील.

सर्वांत अधिक ऐकूं येणारें उत्तर म्हणजे, ‘मी तेंच वापरतों, एक नंबर आहे.’ सांगणारा खोटें बोलत नसतो. परंतु त्याची जमीन नदीकांठची काळी, कमरेइतकी खोल. विचारणाराची माळावरची मुरमाड. त्याला पाटाचें पाणी. याचें सारें पावसावर. शिवाय त्यानें तें बीं एकच साल पेरलेलें असतें, आणि त्या सालीं पाऊस नेमका वेळेवर पडलेला असतो. इतक्या गोष्टी पोटांत ठेवून दिलेलें ‘एक नंबर’ हें उत्तर म्हणजे क्षेत्र व आकार न लिहिलेला सात-बाराचा उतारा होय. कागद हातांत आहे, पण त्यावरून कांहींच ठरवितां येत नाहीं.

दुसरी तऱ्हा याहून त्रासाची. विचारलेला प्रश्न बाजूस सारून न विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर द्यावयाचें. पंप बंद केला कीं नळांतील पाणी विहिरींत उतरून जातें आणि दर वेळीं पाणी भरून तो पुन्हां चालू करावा लागतो, यास काय करावें, असें एका शेतकऱ्यानें चारचौघांत विचारलेलें आम्हीं ऐकलें. एक म्हणाला, ती कंपनीच टाकाऊ. दुसरा म्हणाला, पाणबुडी मोटार बसव. तिसऱ्यानें विहिरीची जागाच मुळांत चुकली असा निकाल दिला. चौथ्यानें, ‘इतकेंहि ठाऊक नसेल तर शेती कशाला करतोस?’ म्हणून हंशा पिकविला. नळाच्या तळाशीं जो फूटव्हॉल्व्ह असतो त्याचा वायसर झिजला किंवा त्यांत कचरा अडकला म्हणजे असें होतें. तो वर काढून पाहावा, एवढें एक वाक्य पुरें होतें. मागाहून त्याच्या गड्यानें तो वर काढला तेव्हां आंत बाभळीची काडी निघाली.

या चौघांत हंशा पिकविणाराचा अपराध आम्हांस सर्वांत मोठा वाटतो. बाकीच्या तिघांचें ऐकून फार तर पैसे जातील. पण ज्याला एकदां चारचौघांत हंसलें तो पुढें विचारीतच नाहीं, आणि न विचारतां केलेल्या चुका कोणाच्या नजरेस येत नाहींत. तरुण मुलें वडीलधाऱ्यांना सोडून परक्या विक्रेत्याचें का ऐकतात, याचें एक कारण हेंहि असावें कीं विक्रेता त्यांना हंसत नाहीं.

नव्या मालाच्या बाबतींत ‘हें आपल्याकडे चालत नाहीं’ हें उत्तर ठरलेलेंच आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं १९०३ सालीं लोखंडी नांगर तयार केला, तेव्हां लोखंडानें जमिनीला विष चढतें असें शेतकरी म्हणूं लागले, आणि पहिले थोडेसे नांगर विकले जावयास सुमारें दोन वर्षें लागलीं असें सांगतात. असें म्हणणारांपैकीं कितीकांनीं त्या नांगरानें एक तास तरी काढलें होतें? पुढें तोच नांगर महाराष्ट्रभर हरळी व कुंद्यानें भरलेल्या रानांत शिरला. मात्र या गोष्टीचा उलट उपयोग करणारेहि आतां निघाले आहेत. कोणतीहि बाटली पुढें करून ‘लोखंडी नांगरालाहि लोकांनीं नांवें ठेविलीं होतीं’ असें ते ऐकवितात. प्रत्येक नवी बाटली म्हणजे किर्लोस्करांचा नांगर नव्हे. जुनें म्हणून चांगलें आणि नवें म्हणून चांगलें, हीं दोन्ही उत्तरें एकाच आळसांतून निघतात.

‘दुकानदारास विचार’ हेंहि एक उत्तरच असतें. तालुक्याच्या गांवीं एका दुकानांत एक वृद्ध गृहस्थ विचारीत होते, ही बाटली तूर फुलावर असतांना मारली तर चालेल काय? उत्तर मिळालें, ‘बाबा, हिचा खप फार आहे.’ खप किती, हें त्यांनीं विचारलेंच नव्हतें. दुकानदारावर रागावण्यांत अर्थ नाहीं. त्याचा धंदा विकण्याचा, आणि त्यांतहि नीट समजावून देणारे दुकानदार आम्हीं पाहिले आहेत. परंतु ज्याचा नफा मालावर आहे त्याचें उत्तर हें एका पक्षकाराची जबानी समजून ऐकावें, साक्षीदाराची म्हणून नव्हे.

आतां चांगलें उत्तर कसें असतें, तें सोयाबीनवरून पाहूं. २०२० च्या खरिपांत बीं उगवलें नाहीं अशा तक्रारी महाराष्ट्रांत हजारोंनीं झाल्या. त्या वर्षीं पारावर दोनच उत्तरें होतीं. ‘कंपनीनें फसविलें’ अथवा ‘तुझें नशीब’. पुष्कळ ठिकाणीं बीं खरोखरच निकृष्ट होतें, यांत शंका नाहीं. परंतु सोयाबीनच्या दाण्याचें साल फार पातळ व अंकुर त्याच्या अगदीं लगत असतो. पोतें गाडींतून आपटून टाकलें तरी उगवण घटते. पुरेशी ओल नसतां, म्हणजे ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होण्यापूर्वीं पेरलें, किंवा पाभर पांच सेंटिमीटरांहून खोल गेली, तरीहि तेंच होतें. विचारणाराला हें सारें विचारून मग कारण सांगणें, याला उत्तर म्हणतात. त्याहून बरें उत्तर पेरणीपूर्वींचें. शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटांत ओळीनें मांडावे, गुंडाळी करून सावलींत ठेवावी, ओल मोडूं देऊं नये, आणि सातआठ दिवसांनीं सशक्त कोंब किती आले तें मोजावें. सत्तर आले तर एकरीं ३० किलोंचें नेहमींचें प्रमाण ठेवावें. साठच आले तर तें ३५ किलोंवर न्यावें. त्याहूनहि खालीं गेले तर तें बीं पेरण्याचा मोह सोडावा.

पिशवीच्या चिठ्ठीचा रंगहि पाहावा. निळी चिठ्ठी प्रमाणित बियाण्याची. त्याची तपासणी बीज प्रमाणीकरण यंत्रणेनें केलेली असते. हिरवी चिठ्ठी सत्यप्रत बियाण्याची. तेथें गुणाची ग्वाही विकणारा स्वतःच देत असतो. हिरवें तें वाईट असें मुळींच नाहीं, पण ग्वाही कोणाची हें माहीत असलेलें बरें. आणि पावती, रिकामी पिशवी, चिठ्ठी व मूठभर बीं पीक हातीं येईपर्यंत जपून ठेवावें. बियाणें विकत घेणारा शेतकरी हा कायद्याच्या दृष्टीनें ग्राहकच होय, असें सर्वोच्च न्यायालयानें २०१२ सालीं ठरविलें आहे. तालुक्याच्या तक्रार निवारण समितीपुढें अर्ज करतांनाहि हेच कागद उपयोगीं पडतात. बीं न उगवलेल्या माणसाला ‘कंपनीनें फसविलें’ असें दहा जण सांगतात. ‘पिशवी कोठें आहे?’ असें विचारणारा एखादाच भेटतो.

खताचेंहि असेंच. ऐन पेरणींत डी. ए. पी. मिळेनासें झालें म्हणजे विचारणाराला उत्तर मिळतें, ‘मिळत नाहीं, सगळीकडे तेंच आहे.’ त्याला मिळत नाहीं हें ठाऊक असतें, म्हणून तर तो विचारतो! गोणीवरील आंकडे वाचतां आले तर उत्तर तेथेंच आहे. डी. ए. पी. च्या ५० किलोंच्या गोणींत १८ टक्के नत्र म्हणजे ९ किलो व ४६ टक्के स्फुरद म्हणजे २३ किलो असतें. सिंगल सुपर फॉस्फेटांत स्फुरद १६ टक्के. तेव्हां त्याच्या तीन गोण्यांत तें २४ किलो मिळतें. युरियांत नत्र ४६ टक्के असल्यामुळें २० किलो युरियांतून ९ किलोंची भरपाई होते. एका गोणीची जागा अशी तीन गोण्या व अर्ध्याहून कमी गोणी युरिया यांनीं भरून निघते. शिवाय सुपर फॉस्फेटांत जें गंधक असतें तें सोयाबीन, भुईमूग या तेलबियांना हवेंच असतें. यांत वाहतूक व हमाली अधिक पडते, आणि तीन गोण्या पाठीवर वाहणाराला हा हिशेब तितकासा गोड वाटणार नाहीं, हेंहि सांगितलें पाहिजे. गुणाबरोबर अडचण सांगणारें उत्तरच विश्वासाचें.

येथपर्यंतच्या गोष्टी पैशाच्या. औषधांची गोष्ट जिवाची आहे. औषध म्हणण्याची आपली रीत पडली, वास्तविक तें विष. २०१७ च्या पावसाळ्यांत यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर फवारणी करतांना विषबाधा होऊन किमान २० माणसें दगावलीं. कित्येकांना रुग्णालयांत पडावें लागलें. त्या वर्षीं कपाशी माणसाच्या उंचीला आलेली, दाट, हवा दमट, अंगावर संरक्षक कपडे नाहींत, आणि एका टाकींत दोन-दोन तीन-तीन विषें कालविलेलीं. हें कालविणें कोणीं शिकविलें? पिशवींतील चिठ्ठींत तें नसतें. ‘आम्ही तिन्ही एकत्र मारतों, कांहीं होत नाहीं’ या एका वाक्यानें तें शिकविलें. ‘कांहीं होत नाहीं’ याचा अर्थ सांगणाराला अद्याप कांहीं झालेलें नाहीं, इतकाच असतो.

आमच्या वाचकांना येथें एक कटु गोष्ट ऐकविल्यावांचून राहवत नाहीं. आपण बहुतेक जण जमिनीचे धनी आहोंत. प्रश्न आपण विचारतों, उत्तर आपण ऐकतों, बाटली आपण आणतों; पण पाठीवर पंप घेऊन तासांत उतरतो तो रोजानें लाविलेला गडी. बियाण्याच्या चुकीच्या उत्तराची किंमत आपल्या खिशांतून जाते, विषाच्या चुकीच्या उत्तराची त्याच्या छातींतून. म्हणून या एका बाबतींत ऐकीव उत्तर घेऊं नये व देऊंहि नये. १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखालील नियमांप्रमाणें प्रत्येक बाटलीवर रंगीत खूण असते. लाल ती अत्यंत जहाल, तिच्या खालोखाल पिवळी, मग निळी, व शेवटीं हिरवी. कोणतें पीक, कोणती कीड, किती पाण्यांत किती प्रमाण, फवारणीनंतर किती दिवस तोडणी करूं नये, विषबाधा झाल्यास प्रथम काय करावें, हें सर्व सोबतच्या चिठ्ठींत दिलेलें असतें. तिचीं अक्षरें मुंगीच्या पावलांएवढीं असतात ही तक्रार खरी आहे. त्यासाठीं घरांतील शाळकरी मुलाला हांक मारावी. आणि दुर्दैवानें कोणाला बाधा झालीच तर त्याच्याबरोबर ती बाटली अथवा चिठ्ठी दवाखान्यांत अवश्य न्यावी. कोणतें विष तें कळल्यावांचून डॉक्टरानें तरी काय करावें?

सारा दोष उत्तर देणाराचाच आहे असें मात्र नाहीं. पुष्कळदां प्रश्नच असा असतो कीं त्यास नीट उत्तर देववत नाहीं. गट नंबर न घालतां अर्ज करणारे आम्हीं खूप पाहिले. ‘साहेब, आमची वडिलोपार्जित जमीन’ एवढ्यावरून उतारा काढून द्यावा अशी त्यांची अपेक्षा असे. ‘पंप कोणता घ्यावा?’ हा प्रश्न त्याच मासल्याचा. वैशाखांत विहिरीचें पाणी किती खोल जातें, तेथून शेताचा सर्वांत उंच कोपरा किती वर आहे, नळ किती लांब व किती इंची, वीज दिवसां मिळते कीं रात्रीं व किती तास, हें सांगितल्याशिवाय कोणीं काय सांगावें? पंपाच्या पाटीवर अश्वशक्तीबरोबर किती मीटर उंचीस सेकंदाला किती लिटर पाणी चढतें हेंहि कोरलेलें असतें. एकाच पांच अश्वशक्तीचा एक पंप थोडें पाणी फार उंच नेतो आणि दुसरा पुष्कळ पाणी थोड्याच उंचीस नेतो. हें न पाहतां ‘पांचाचा घे’ म्हणणें म्हणजे माणसाचें माप न घेतां अंगरखा शिवणें.

आणि ज्याला ठाऊक नाहीं त्यानें ‘ठाऊक नाहीं’ म्हणावें. आपल्याकडे हें उच्चारणें कमीपणाचें समजतात, विशेषतः ज्याच्या नांवावर जमीन अधिक त्याला तें फारच जड जातें. वस्तुतः तें उत्तर विचारणाराला दुसऱ्या दारीं पाठवितें, आणि दुसरीं दारें आज आहेत. राहुरी, अकोला, परभणी व दापोली येथें चार कृषि विद्यापीठें आहेत, जिल्ह्यांत कृषि विज्ञान केंद्रें आहेत, आणि केंद्र सरकारनें २००४ सालीं सुरू केलेलें किसान कॉल सेंटर १८००-१८०-१५५१ या क्रमांकावर विनामूल्य, आपल्या भाषेंत उत्तर देतें. तेथील उत्तरें प्रयोगाच्या आधाराचीं असतात, पण तीं साऱ्या विभागाला उद्देशून दिलेलीं असतात. आपल्या बांधाशेजारचा मनुष्य काय सांगतो याची जागा त्यांनीं भरून निघत नाहीं. विशिष्ट ओढ्याच्या कांठीं विशिष्ट नळी तिसऱ्या उन्हाळ्यांत कां फुटली, हें विद्यापीठाला कोठून कळावें? म्हणूनच शेजाऱ्याचें उत्तर सुधारावें असा आमचा आग्रह आहे, तें बंद व्हावें असा नाहीं.

यावर आमची एक साधी सूचना आहे. आपल्या संघाच्या मासिक बैठकींत मालाविषयींच्या प्रश्नांची एक वही ठेवावी. डाव्या पानावर प्रश्न, विचारणाराची जमीन, पाणी व पीक यांसह. उजव्या पानावर उत्तर. आणि उत्तर देणारानें माल स्वतः वापरला कीं ऐकलें, वापरला तर किती क्षेत्रावर, किती साल, किती रुपयांस घेतला, कोठें अडचण आली, हे रकाने त्यानें भरावेत. ज्याचा त्या मालाच्या विक्रींत कांहीं संबंध असेल त्यानें तसें लिहावें. संबंध असणें हा गुन्हा नव्हे, लपविणें हा आहे. ज्या प्रश्नास कोणाचेंच उत्तर आलें नाहीं तो चिटणिसांनीं कृषि विज्ञान केंद्राकडे पाठवावा व आलेलें उत्तर वहींत डकवावें. विषाच्या औषधांसंबंधीं मात्र उजव्या पानावर बाटलीच्या चिठ्ठीवांचून दुसरें कांहीं लिहूं नये. वर्षाच्या शेवटीं त्यांतील निवडक पानें या मासिकांत छापावींत, म्हणजे जो बैठकीस येऊं शकत नाहीं त्यालाहि तीं वाचतां येतील.

कांहीं सभासद म्हणतील, इतकें लिहीत कोण बसणार? पहिली वही आम्ही आपल्या खर्चानें आणून देऊं व एक साल लिहूंहि. रकाने आंखण्याचें काम आम्हांला नवें नाहीं.